पांझरेकाठचा पाटकरी

पांझरा नदीच्या काठी अशी काही गावे आहेत, की जेथे जमीन ज्याच्या नावे सातबाऱ्यावर लागलेली आहे, पाणपट्टी जो वेळच्या वेळी भरतो आणि ज्याचे पीक त्याच्या डोळ्यांदेखत माना टाकीत आहे, त्या खातेदारालादेखील स्वतःच्या शेताचे दार स्वतःच्या हाताने फोडून पाणी घेण्याची मुभा नसते. दार फोडावयाचे ते पाटकऱ्याने, आणि बुजवावयाचे तेही पाटकऱ्यानेच. या पाटकऱ्याजवळ कसलीही सरकारी सनद नाही, छातीवर बिल्ला नाही, आणि ज्याच्या दारी त्याने फिर्याद न्यावी असे कोर्टही त्याला ठाऊक नाही. गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर, खांद्यावर फावडे, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल आणि रात्रीची पाळी असेल तर हातात बॅटरी, एवढाच त्याच्या अंमलाचा सरंजाम. असे असूनही शे-दीडशे कुटुंबांचे वर्षाचे धान्य ज्या पाण्यावर पिकते ते पाणी हा मनुष्य हंगामामागून हंगाम वाटीत असतो आणि वाटणीबद्दल बोभाटा म्हणून होत नाही, हे मला प्रथम सांगण्यात आले तेव्हा ते खरे वाटले नाही. म्हणून ते पाहावयास गेलो, आणि एकदा गेल्यावर पुनःपुन्हा जात राहिलो.

ही व्यवस्था समजावयाची तर आधी नदी समजून घेतली पाहिजे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर, साक्री तालुक्यात, पांझरा उगम पावते. पिंपळनेर, साक्री, धुळे अशी पूर्वेला वाहत जाते आणि पुढे एकाएकी उत्तरेकडे वळून तापीला मिळते. खोऱ्यात पाऊस बेताचा, आणि तोही लहरी. परंतु डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी नदीला पावसाळ्यानंतरही काही महिने जिवंत ठेवीत असे, आणि पात्राला उतार चांगला असल्यामुळे थोड्या उंचीच्या बांधानेदेखील ते काठावर चढविता येई. ही गोष्ट ज्यांनी प्रथम हेरली त्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. फारुकी सुलतानांच्या अमदानीपर्यंत काहीजण हे बंधारे मागे नेतात, काहीजण त्याहून अलीकडे आणतात. तीन-चारशे वर्षे तरी ही वहिवाट चालू आहे एवढे सर्वांना मान्य आहे. पांझरेवर, आणि तिकडे नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर, असे बंधारे एकाखाली एक बांधलेले दिसतात. वरच्या गावाच्या शेतांतून झिरपलेले पाणी पुन्हा नदीत उतरते आणि खालच्या बंधाऱ्याच्या कामी येते, त्यामुळे नदीचे एकच पाणी वाटेत कितीतरी वेळा उपयोगी पडते.

बंधाऱ्यापासून निघतो तो पाट. पाटाच्या चाऱ्या होतात, चाऱ्यांच्या सारंग्या होतात, आणि सारंगीच्या तोंडातून पाणी वाफ्यात शिरते. पाटाखाली भिजणाऱ्या एकंदर जमिनीला थळ म्हणतात, आणि या थळाचे बहुधा चार मोठे तुकडे केलेले असतात, ते फड. आता या साऱ्या रचनेतील खरी युक्ती ही की प्रत्येक फडात गावातील बहुतेक प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी पट्टी असते, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यावयाचे असते. एका फडात ऊस, एकात गहू किंवा हरभरा, एकात बाजरीसारखे पावसाळी पीक, एखादा मोकळा. दुसऱ्या वर्षी पिके पुढच्या फडात सरकतात. पाणी कमी दिसले तर एक फड गावाने मिळून पडीक ठेवावयाचा, आणि तोटा सर्वांनी सारखा सोसावयाचा. शेजारच्या उसाचे पाणी पाझरून आपला हरभरा बसला, ही भानगड उरत नाही. एकाच पिकाला एकाच वेळी एकाच मापाचे पाणी लागत असल्याने वाटणाऱ्याचे कामही सोपे होते. आणि दर वर्षी जमीन पालटत असल्यामुळे, नीरा आणि प्रवरा यांच्या कालव्यांखालील सोन्यासारख्या जमिनी जशा बारमाही पाण्याने पाणथळ आणि खारट झाल्या, तशी येथील काळीची गत झाली नाही. विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले तेव्हा त्यांच्या आरंभीच्या नेमणुकांत खानदेश होता, आणि पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जमिनीच्या ठरावीक तुकड्यांत पिके पाळीने फिरविण्याची जी ब्लॉक पद्धत सुरू केली तिचे आणि या फडांचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. त्यांनी ती येथूनच उचलली असा दावा मी करीत नाही. पण ज्या तरुण अभियंत्याने खानदेशातील नद्या पाहिल्या त्याने त्यांच्या काठचे फड पाहिले नसतील, हे मनाला पटत नाही.

माझा परिचय ज्या पाटकऱ्याशी झाला त्याला सारे गाव आप्पा म्हणते, आणि मीही येथे तेवढेच म्हणतो. वय पासष्टीच्या पुढे. शरीर सडपातळ, पण पोटऱ्या अशा घट्ट की पाटाच्या धारेत उभा राहिला म्हणजे रोवलेला वाटावा. वडीलही पाटकरीच होते. सातवीपर्यंत शिक्षण झाल्यावर, खानदेशातील हजारो तरुण जसे जातात तसे, आप्पा सुरतेस गेले आणि कापडाच्या एका कारखान्यात त्यांनी काही वर्षे काढली. वडिलांचा डोळा अधू झाला आणि रात्रीच्या पाळीत त्यांना पाटाचा काठ दिसेना, तेव्हा पंचांनी निरोप धाडला. आप्पा परत आले ते कायमचे. सुरतेची आठवण काढली की ते यंत्रांच्या आवाजाविषयी बोलतात. तिकडे मुकादम काय ओरडतो ते ऐकू येत नसे, आणि इकडे पाण्याचा आवाज बदललेला झोपेतही कळतो, एवढाच फरक त्यांना सांगण्याजोगा वाटतो.

पाटाचे काम म्हणजे बहुतांशी चालणे होय, हे त्यांच्यामागून चालताना प्रथम कळले. सकाळी बंधाऱ्यापाशी जाऊन पाटाच्या तोंडाशी ते क्षणभर थांबतात. तेथील दगडी भिंतीवर एक कंगोरा आहे. पाणी त्याच्या किती खाली आहे हे बोटांनी पाहतात, आणि आज किती वावरे भिजतील याचा त्यांचा अंदाज तेथेच होतो. मग काठाकाठाने खाली. दृष्टी पाण्यावर नसते, ती पाटाच्या बाहेरच्या अंगाला असते. एका ठिकाणी बाहेरच्या उतारावर हाताएवढी जागा ओली दिसली, गवत तेथे अंमळ जास्त हिरवे होते. माझ्या ध्यानात येण्यापूर्वीच आप्पा फावडे काठावर टाकून पाटात उतरले होते. वाकून हाताने चाचपण्याऐवजी ते उजव्या पायाचा तळवा आतल्या बाजूच्या चिखलावरून सावकाश सरकवीत गेले. एका जागी पाऊल थांबले. "येथून ओढतंय," ते म्हणाले. मी पाय घातला तर मला नुसता गार चिखल लागला. त्यांनी माझे पाऊल धरून दोन बोटे पुढे सरकविले, तेव्हा तळव्याखाली पाण्याची बारीक ओढ जाणवली. खेकड्याचे बीळ होते. काठावरचे गवत उपटून त्याचा बोळा केला, तो बिळात टाचेने ठासला, त्यावर चिकणमातीचा गोळा दाबला, आणि मग दोन्ही पायांनी तुडवून जागा सारखी केली. मी विचारले, पाणी बाहेर निघते तेथूनच बुजविले तर काय बिघडते? त्यांनी सांगितले की पाण्याचे तोंड आतून बांधावे लागते. बाहेरून कोंडले तर ते बांधाच्या पोटात फिरते आणि रात्रीतून दुसरीकडे फोडते, आणि मग बोळ्याने भागत नाही, गाव उठवावे लागते.

गव्हाच्या फडात पाणी सुरू होते. पेरणीनंतर साधारण एकविसाव्या दिवशी गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर पुढे कितीही पाणी दिले तरी फुटव्यांचे नुकसान भरून येत नाही, हे कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत लिहिलेले आहे आणि आप्पांना ते पुस्तिकांवाचून ठाऊक आहे. सगळ्या फडाची पेरणी आगेमागे चारदोन दिवसांत झालेली असल्यामुळे सगळ्यांचा एकविसावा दिवसही जवळजवळ एकच. आणि पाणी तर एका वेळी दोन-तीन वावरांपुरतेच. पाटकऱ्याची कसोटी लागते ती येथे. पाणी वाफ्यात शिरते तेव्हा आधी त्याच्या कडेला पिवळसर फेस, काडीकचरा आणि घाबरलेले किडे येतात. काळ्या जमिनीच्या भेगा भरेपर्यंत ते अडखळत चालते, आणि मग एकदम धावू लागते. पाणी वाफ्याच्या शेवटापासून चौथ्या हिश्शावर असतानाच आप्पांनी पुढच्या वाफ्याचे दार फोडले आणि मगच मागचे बुजविले. चौथा हिस्सा कोरडाच राहिला असे मला वाटले. पण आत शिरलेले पाणी आपल्या वेगाने तेवढे अंतर तोडून गेले आणि धुऱ्याला टेकून थांबले, एक ओंजळभरही बाहेर सांडले नाही. आधी पुढचे उघडावयाचे आणि नंतर मागचे लावावयाचे, हा क्रमही हेतुपुरस्सर. उलट केले तर तेवढ्या वेळात सारंगी तुंबून काठावरून फुटते. फावड्याचे तीन घाव दार फोडण्यास, चार बुजविण्यास, आणि शेवटी पात्याच्या पाठीने एक थोपटणे. या थोपटण्यावाचून काम पुरे झाले असे ते मानीत नाहीत.

त्या दिवशी पुढच्या वावराचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. तरुण गृहस्थ, मोटारसायकल रस्त्यावर लावून आलेला, मोबाइल हातात. "आप्पा, मन्हा नंबर कव्हय?" "येई. तुन्हा म्होरे दोन जन शेतस." यापलीकडे संभाषण झाले नाही. तो दुपारी पुन्हा येऊन गेला, संध्याकाळी पुन्हा. परंतु त्याच्या वावराला लागलेल्या सारंगीत पाणी चकाकत असताना आणि फावडे काठावर नुसते पडलेले असताना, त्याने त्याला हात लावला नाही. अशा वेळी ज्याने हात लावला त्याला पंचांपुढे उभे राहून दंड भरावा लागतो. पण दंडाची रक्कम इतकी किरकोळ आहे की तेवढ्या भयाने कोणी थांबेल असे वाटत नाही. माणसे थांबतात याचे कारण मला असे दिसते की प्रत्येकाची पट्टी प्रत्येक फडात आहे. आज गव्हाच्या फडात ज्याचा नंबर शेवटी आहे, त्याचीच पट्टी उद्या हरभऱ्याच्या फडात पहिली लागते. क्रम मोडण्याचा फायदा ज्याला आज होईल त्याचे नुकसान लांबणीवर पडलेले नसते, ते पुढच्याच आठवड्यात, दुसऱ्या धुऱ्यावर त्याची वाट पाहत असते. हे ज्याने प्रथम ओळखून जमिनीची अशी फाळणी केली, त्याला मनुष्यस्वभावाविषयी फार मोठी आशा नसावी, आणि त्यामुळेच त्याची रचना टिकली असावी.

तथापि रचना कितीही चतुर असली तरी ती रोज फावड्याने चालवावी लागते, आणि चालविणारा मनुष्य सोयरेधायरे असलेला असतो. आप्पांची एक मुलगी याच गावात दिलेली आहे. एका वर्षी नदी लवकर आटली, गव्हाचे शेवटचे पाणी अपुरे पडणार हे दिसू लागले, आणि व्याह्यांनी घरी येऊन, चहा घेऊन, जाताना उंबऱ्यात थांबून, रात्रीच्या पाळीत अर्धा तास इकडचा तिकडे करण्याविषयी शब्द टाकला. आप्पांनी ऐकून घेतले आणि उत्तर दिले नाही. पाणी क्रमानेच गेले, आणि व्याह्यांच्या वावरापाशी येईपर्यंत संपले. पुढे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला मुलगी माहेरी आली ती एकाच गल्लीतून चालत, पण डोळ्यांत पाणी घेऊन. ही हकीकत मला आप्पांनी सांगितली नाही, त्यांच्या कुटुंबाने, भाकरी थापताना, त्यांच्याकडे न पाहता सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "गावन्या पंचायतीना पायी घरनं मानूस परकं करं." आप्पा तेथेच बसले होते. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि ते ओसरीवर गेले. एरवी गावाविषयीची माया हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो: जत्रेला वर्गणी देणारा, शाळेला पंखा देणारा, परगावी राहून गावाच्या आठवणीने गहिवरणारा, हे सारे आपल्या लेखी गावावर प्रेम करणारेच. आप्पांच्या ठिकाणी ती माया मला या कोरडेपणाच्या रूपाने दिसली. पाण्याच्या बाबतीत हा मनुष्य कोणाचाही नाही, मुलीच्या सासऱ्याचासुद्धा नाही, याची गावाला खात्री आहे; आणि ती खात्री जतन करण्यासाठी तो घरात बोलणी खातो. त्यांच्या स्वतःच्या पट्ट्या चार फडांत मिळून एकराच्या आतच भरतात, आणि त्यांना पाणी लागले म्हणजे काही माणसे सहज फिरत आल्यासारखी बांधावर येऊन उभी राहतात. आप्पा त्यांना तंबाखू देतात.

वरून हवालदार, मधे पाटकरी, रात्री पिकांची राखण करणारे जागल्ये, आणि सर्वांच्या डोक्यावर पंच, अशी या कारभाराची उतरंड आहे. पूर्वी या सर्वांना खळ्यावर धान्य मिळे. आता पाणपट्टीच्या जमेतून रोख रक्कम मिळते, आणि ती शहरातील पहारेकऱ्याच्या पगाराच्या पासंगालाही पुरणार नाही. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढावयाचा असतो, तेव्हा प्रत्येक खातेदाराने आपल्या जमिनीच्या मानाने माणसे द्यावयाची किंवा मजुरी भरावयाची. इंग्रजी अमलात 1879 च्या जलसिंचनाच्या कायद्याखाली असल्या कामांना दुय्यम वर्गाची कामे म्हणून कागदोपत्री जागा मिळाली. महसुलाच्या दप्तरात या जमिनी पाटस्थळ म्हणून लागल्या, विहिरीच्या जमिनी मोटस्थळ म्हणून. सरकारने नोंद केली आणि कारभार लोकांकडे राहू दिला, हे त्या राजवटीच्या हातून घडलेल्या शहाणपणाच्या थोड्या गोष्टींपैकी एक म्हणता येईल. पुढे 2005 साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला, ठिकठिकाणी पाणीवापर संस्था निघाल्या, प्रशिक्षणे झाली; ज्यांच्याकडून ते शिकावयाचे त्या पाटकऱ्यांना त्या प्रशिक्षणांत व्याख्याते म्हणून कोणी बोलाविल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू. फडाची समता ही जमीनवाल्यांची समता आहे. ज्याला थळात जमीन नाही त्याला या पाण्यात वाटा नाही. गावाच्या कडेला भिल्लांची जी वस्ती आहे, तिच्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जागल्ये म्हणून याच पिकांची राखण करीत आली आणि पाणी त्यांच्या नावे एक ओंजळही नव्हते. सासवडजवळच्या नायगावातून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा पाणी जमिनीमागे न देता माणसामागे द्यावे, भूमिहीनालाही द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. तो मुद्दा फडांचे गुणगान गाणाऱ्यांनी, त्यांत मीही आलो, विसरता कामा नये.

शिवाय फड मोडत चालले आहेत. मालनगाव आणि लाटीपाडा येथे धरणे झाली तेव्हापासून नदी आपल्या मनाने वाहत नाही, ती आवर्तनाप्रमाणे वाहते. आवर्तन कधी सुटणार हे पाटकऱ्याने नदी पाहून ओळखावयाचे दिवस गेले, ते आता कचेरीतून कळते, आणि कधी कळायच्या आत पाणी येऊन जाते. वीज आली, विहिरींवर पंप बसले. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला गावाच्या फडाबरोबर हरभरा पेरण्याचे कारण उरत नाही. तो मधेच कांदा लावतो, भाजी लावतो, आणि एका फडात एकच पीक हा कणाच मोडतो. गमतीची, किंवा खेदाची म्हणा, गोष्ट अशी की त्या विहिरींना पाणी येते ते पाट आणि भिजलेले फड यांच्या पाझरानेच. पाट बंद पडलेल्या काही गावांतील विहिरी पुढे चारदोन वर्षांत खोल गेल्या, हे आप्पा बोटांवर गावे मोजून सांगतात. एका विहीरवाल्याशी त्यांचा या विषयावर झालेला संवाद मी ऐकला. तो म्हणत होता की मी फडाचे पाणी घेत नाही, मग पट्टी का भरू? आप्पा म्हणाले, "तुझी मोटार रात्री काय ओढते ते मी दिवसा सोडलेलं असतं." विहीरवाला हसला आणि पट्टी भरतो म्हणाला. भरली की नाही ते ठाऊक नाही.

खानदेशात सालदारांचे वर्ष आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजतात, आणि या गावाने पाटकऱ्याचे वर्षही त्यालाच जोडलेले आहे. सणाच्या आठवड्यात, माहेरवाशिणींचे झोके झाडांना लागलेले असताना आणि गल्लीगल्लीतून गौराईची गाणी ऐकू येत असताना, मारुतीच्या पारावर पंचांची बैठक भरली, तिला मला बसू दिले. हिशेबाची वही वाचून झाली. थकलेल्या पट्टीची नावे मोठ्याने वाचण्यात आली, आणि ज्यांची नावे आली ते पाराच्या मागच्या बाजूला उभे होते. पुढच्या वर्षी उसाचा फड धरावयाचा नाही, दोन फड गहू-हरभऱ्याचे करावयाचे, एक पावसाळी आणि एक मोकळा, हे फारशी चर्चा न होता ठरले. चर्चा झाली ती आप्पांच्या मागे कोण, या मुद्द्यावर. त्यांचा मुलगा नाशिकला कारखान्यात आहे, तो येणार नाही. गावातील तरुणांपैकी कोणी रात्री पाटावर चालावयास तयार नाही. आप्पांनी नाव सुचविले ते भिल्ल वस्तीतील एका मुलाचे. दोन हंगाम तो त्यांच्याबरोबर फिरत होता, आणि बिळाची ओढ तळव्याला कशी लागते हे त्याला समजू लागले होते.

पारावर कुजबुज सुरू झाली. उघड कोणी काही बोलले नाही, पण एका वयस्कर पंचाने अडचण मांडली ती अशी, की पाटकरी नेहमी खातेदारांपैकीच होत आला. ज्याची एक गुंठाही जमीन नाही त्याचा शब्द खातेदार मानतील कसा? बोलणे सभ्य होते, आणि त्याखाली काय आहे हे सर्वांना कळत होते. आप्पा आतापर्यंत खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "त्याले वावरच नही, मंग पानी चोरीसन लई जाई कोठे?"

हशा पिकला. वयस्कर पंचही हसले, आणि हसल्यानंतर त्यांना आपली हरकत तितक्याच गांभीर्याने पुन्हा मांडता येईना. तरीही पुरता होकार मिळाला नाहीच. वहीत लिहून घेण्यात आले ते असे, की सदर मुलास एक वर्ष मदतनीस म्हणून घ्यावे, पाटकऱ्याच्या निम्मे वेतन द्यावे, आणि त्याचे काम पाहून पुढच्या आखाजीला कायम करण्याचा विचार व्हावा. मुलगा पाराखाली उभा होता; त्याला बोलावून हे सांगण्यात आले. त्याने विचारले, फावडे आणि बॅटरी कोणाची? बॅटरी फडाच्या जमेतून घ्यावी असे ठरले. फावडे आजवर ज्याचे त्याने आणावयाची वहिवाट आहे, असे हवालदार म्हणाला. निम्म्या वेतनात फावडे कोठून येणार, असे आप्पा म्हणाले. यावर दोन्ही बाजूंनी बराच वेळ बोलणे झाले, आणि जेवणाची वेळ टळू लागली तेव्हा फावड्याचा मुद्दा पुढच्या बैठकीवर ठेवण्यात आला.